उल्केचा धूर

किरुना, ९ जानेवारी २००७

बाबा,

तुझं नाक मोडलंय असं पोलीस म्हणतात. मला वाटलं होतं नुसतं रक्त आलं असेल. पोलीसबाईनं फोनवर विचारलं, वाईट वाटतंय का? मी म्हटलं, विचार करून सांगते. नोव्हेंबरपासून विचार करतेय. नाही वाटत.

तक्रार तू केली नाहीस, दवाखान्यातल्या डॉक्टरनं कळवलं, हेही त्या बाईनं सांगितलं. तुझा जबाब म्हणे एका ओळीचा आहे : "आधी मी मारलं, मग तिनं मारलं." वा रे वा! भरल्या सभेत चव्वेचाळीस वर्षांच्या पोरीच्या कानाखाली वाजवायची आणि वर सत्यवचनी म्हणून मिरवायचं. माझ्या हातात तेव्हा यंत्राचा ॲल्युमिनियमचा नमुना होता, म्हणून तो लागला. नसता तर मूठ लागली असती.

फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघं पहिल्याच मिनिटाला ओरडायला लागतो. कागदावर ओरडता येत नाही, असं आईचं म्हणणं. तिला काय माहीत.

तू तिला लिहिलेलं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. वसंतात घरी परत यायचंय म्हणे. दक्षिणेतल्या भाड्याच्या खोल्यांत म्हातारपणी एकटं वाटतं. तीस वर्षांपूर्वी मोठी नोकरी धरून निघून गेलास, तेव्हा आम्हाला कसं वाटतं हे विचारायला तुला एक पोस्टकार्ड सुचलं नाही. मी आईला म्हटलं, चुलीत घाल ते पत्र. तिनं घडी करून साखरेच्या डब्यामागे ठेवलं आणि तुझं नाव घेऊन म्हणाली,

"आल्गोट मारायचा, सिव. मला का ठाऊक नाही? डावा कान माझा गेलाय, तुझा नाही. पण खोटं कधी बोलला नाही. जन्मात एकदाही नाही."

एवढ्या एका खुंटीवर तिनं तुला इतकी वर्षं टांगून ठेवलंय. ती खुंटी मला उपटायची आहे. लपवत नाही.

तुझं नाव कशावर मोठं झालं? धुळीवर. शहात्तर साली इथल्याच तळावरून तू रॉकेटच्या नाकावर तुझी ती सपाट तबकडी चढवलीस आणि जगाला सांगितलंस, जळून गेलेल्या उल्कांचा धूर वर नव्वद किलोमीटरवर तरंगत असतो, तो मी धरून खाली आणला. पाठ्यपुस्तकात फोटो छापून आला. आईनं तो स्वयंपाकघरात लावला होता. मी फाडला.

मला शिकवू नकोस म्हणशील. शिकवते. आईला मी असं समजावलं : रॉकेट आवाजाच्या तिप्पट वेगानं घुसतं. सपाट तबकडीपुढच्या हवेला बाजूला व्हायला उसंत मिळत नाही, ती तिथंच तुंबते आणि तिची गादी तयार होते. धुराचे कण इतके हलके, की ते हवेबरोबर त्या गादीला वळसा घालून निघून जातात. तबकडीला शिवतसुद्धा नाहीत.

"म्हणजे फावडं जोरात ढकललं की भुरभुरीत बर्फ दोन्हीकडून निसटतो, तसं?" आई म्हणाली.

"अगदी तसं."

"मग आल्गोटनं फावड्यावरचा गंज मोजला?"

मी तिचा मुका घेतला. रॉकेटचाच रंग, रॉकेटचीच काजळी, आणि त्यावर तुझी सगळी कीर्ती. नोव्हेंबरच्या सभेत मी आकृत्या दाखवून एवढंच सांगितलं. तू काहीतरी ओरडलास, पुढे आलास आणि मारलंस.

तळावरच्या मंडळींनी तोडगा काढलाय तो तुला कळला असेलच. फेब्रुवारीच्या शेवटी एकच रॉकेट जाईल. त्याच्या नाकावर तुझी तबकडी आणि शेजारी माझी नळी. नळी बारीक आणि मागून मोकळी, हवा आरपार जाते, तुंबत नाही. तिसरा एक डबा, ज्याचं झाकण वर उघडायचंच नाही. तो बंदच जाणार, बंदच येणार. त्यात जे सापडेल ती आपली स्वतःची घाण.

तुझ्या तबकडीवर आणि त्या बंद डब्यात सारखीच घाण निघाली, तर तू तीस वर्षं खोटं बोललास. तो निकाल मी आईपुढे ठेवीन. मग येऊन दाखव घरी.

सिव


किरुना, ४ फेब्रुवारी

बाबा,

तुझं उत्तर मिळालं. "मंजूर. आल्गोट." एवढंच? शाई महाग झालीय का तिकडे?

तबकडीचा डबा सुखरूप पोचला. एस्किलनं उघडला. तू त्याला ओळखत नसशील, तळावरचा यंत्रकारागीर, फिनलंडच्या हद्दीकडचा, ओठाखाली सदानकदा तंबाखूची पुडी. तिन्ही डबे त्याच्याच ताब्यात राहतील. तसा नियम केलाय : वर जाण्याआधी आणि खाली आल्यावर एस्किल सील करेपर्यंत डब्यांना आपण दोघांनी बोट लावायचं नाही. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून हा नियम मी घालून घेतला. एस्किल म्हणाला, त्याचा दोघांवरही नाही.

मागच्या आठवड्यात हादऱ्यांची चाचणी होती. रॉकेट सुटताना जशी हाडं खिळखिळी होतात तसं यंत्राला टेबलावर बांधून झोडपायचं. माझ्या नळीचं झाकण मधेच अडकलं. एस्किल म्हणाला, "बाईसाहेब, स्प्रिंग कमजोर आहे. मी डिसेंबरातच बोललो होतो." माझ्या हातात पाना होता. तो त्याच्या कानावरून गेला आणि मागच्या खिडकीची काच गेली. उणे अठ्ठावीसची हवा आत शिरली.

एस्किल जागचा हलला नाही. तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि म्हणाला, "खाण तशी माती."

मी त्याला बाहेर हो म्हटलं. तो बाहेर गेला आणि खिडकीला लावायला फळी घेऊन परत आला. हे तुला का सांगतेय मला कळत नाही. स्प्रिंग बदललीय, एवढं कळवायचं होतं.

रविवारी आईकडे पाल्ट होते. बटाट्याचे ते गोळे अजूनही ती तुझ्या पद्धतीनं करते, आत डुकराची चरबी जास्त. मी विचारलं, कानाचं नेमकं काय झालं होतं? मला आठवतं ते एवढंच, मी नऊ वर्षांची, टेबलाखाली बसलेली, हातात लाकडी डाव, आणि वरून कॉफी ठिबकतेय. बाकी कुणी कधी सांगितलं नाही.

आईनं सांगितलं. तुझ्या प्रयोगाच्या फोटोंच्या काचांवर तिच्या हातून कॉफी सांडली होती. तू उघड्या पंजानं मारलंस. मग तिला खुर्चीत बसवलंस आणि म्हणालास, "पुन्हा असं केलंस तर जीव घेईन तुझा." मग बाहेर जाऊन अंगणातला सगळा बर्फ उपसलास, शेजाऱ्यांच्या अंगणातलासुद्धा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलंस. डॉक्टरनं विचारलं, हे कसं झालं? आई पायरीवरून पडल्याचं सांगायला लागली. आणि तू मधेच बोललास, "पडली नाही. मी मारलं."

"डॉक्टरचा पेन हातातच राहिला," आई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता, बाबा. अभिमान! फुटक्या कानाची बाई नवऱ्याच्या खरेपणाचं कौतुक सांगतेय.

मी ताटली तशीच टाकून निघाले. पाल्टमुळे नाही.

सिव


तळावरून, २७ फेब्रुवारी

बाबा,

तू जिन्याच्या त्या टोकाच्या खोलीत आहेस आणि मी ह्या टोकाच्या. हे पत्र एस्किल आणून देईल. तो म्हणतो, पोस्टमनचाही पगार द्या. आज सहावा दिवस, वर वारा मोठा म्हणून रॉकेट उडत नाही. सगळ्यांची डोकी फिरलीयत. रेनडियरवाले रोज सकाळी फोन करून विचारतात, "आज तरी टाकताय का डोक्यावर, की कळप हलवू?"

तुझ्या गाडीच्या काचेचं सांगायचंय. काल तू आईच्या दारात गेलास. मला शेजारणीचा फोन आला, मी गल्लीच्या तोंडाशी माझी गाडी तशीच टाकून धावत आले. तू पायरीवर उभा होतास, हातात तिची निळ्या काठाची कपबशी, कॉफीत इकडच्या रीतीनं चीजचे तुकडे. ती दारात शाल घेऊन उभी होती. तिनं आत घेतलं नव्हतं. पण कॉफी दिली होती. चीज घालून.

बाजूला फावडं होतं. तुला मारावं असंच मनात होतं, ते दारात उभ्या तुझ्या गाडीवर बसलं. पुढची काच, मग दिवा, मग पुन्हा काच. तू कप खाली ठेवला नाहीस. उभा राहून बघत होतास, जसा एखादा परीक्षक मुलाचं चुकलेलं गणित बघतो. एवढ्यासाठीच मी आणखी एक घातली.

आई म्हणाली, "सिव, ते फावडं नवीन आहे."

आणि तू कॉफी संपवलीस, कप तिच्या हातात दिलास आणि म्हणालास, "यॉर्डिस, मी बदललोय असं म्हणणार नाही. माहीत नाही मला. पण रॉकेट खाली आलं की मी येईन, आणि तू सांगशील ते ऐकीन."

बदललोय असं तरी म्हणायचंस! दुसरा कुणी म्हातारा असता तर रडला असता, पाया पडला असता, खोटं बोलला असता. मग मला त्याला हाकलणं किती सोपं गेलं असतं. तू गेल्यावर आई कितीतरी वेळ तो कप धूत होती. ती तुला घेणार, बाबा. मला तिच्या पाठीवरूनच कळलं. माझा निकाल तिच्यापुढे आला नाही तर ती तुला घेणार, आणि एक दिवस तिच्या हातून पुन्हा काहीतरी सांडणार.

एस्किल दार वाजवतोय. वारा पडलाय म्हणे, उद्या पहाटे उलटी मोजणी सुरू. नियम लक्षात ठेव. डब्याला हात लावलास तर मोडीन.

सिव


किरुना, ३ मार्च

बाबा,

तू कोणत्या वॉर्डात आहेस हे मला सांगत नाहीत. नातं विचारलं, मुलगी म्हटलं, तर नर्सनं रजिस्टर बंद केलं. आई हे पत्र आत घेऊन येईल.

पोलिसांना मी सगळं लिहून दिलंय. तुलाही लिहिते, कारण तुझी बाजू मी पाहिली पण माझी बाजू तू पाहिली नाहीस. तू पालथा होतास.

रॉकेट चांगलं सुटलं, ते तूही पाहिलंस. बंकरच्या भिंतीतून हादरा बरगड्यांत आला, बाहेरचा बर्फ एका क्षणात पाणी झाला आणि झाडांवरचा सगळा खाली कोसळला. मला असल्या वेळी आनंद होतो. काहीतरी आपल्याहून जास्त रागावलेलं आहे, असं वाटतं. झाकणं उघडल्याचा संदेश आला, बंद झाल्याचा आला, पण माझ्या नळीचा अर्धवट. मी मनात म्हटलं, स्प्रिंग.

हेलिकॉप्टरमध्ये तू, मी आणि एस्किल गुडघ्याला गुडघा लावून बसलो. खाली दलदलीच्या बर्फात नारिंगी पॅराशूट दिसलं. हेलिकॉप्टर टेकायच्या आत तू उडी मारलीस. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, कमरेइतक्या बर्फातून धावत. मागून पाहणाऱ्याला काय दिसलं? नियम मोडून माझ्या डब्याकडे धावणारा तू. तू गुडघ्यावर बसलास, हातमोजा दातांनी ओढून फेकलास आणि उघडा हात माझ्या नळीच्या झाकणात घातलास.

पुढचं एस्किल सांगतो तसं सांगते, कारण मला सलग आठवत नाही. मी तुझ्या पाठीवर बुटाची टाच मारली. मग कॉलरला धरून मागे ओढलं, तू येईनास. तुझं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, पुढच्या दोन दातांत अजून जीव नाही. मी आणखी जोरात ओढलं. काहीतरी फाटल्याचा आवाज आला. मला वाटलं कोट. मी तुला उलथं केलं, गळ्यावर गुडघा ठेवला आणि तोंडावर मारत राहिले. एक, दोन असं मोजलं नाही. तू हात वर केला नाहीस. तो हात रक्तानं भरला होता आणि तू तो बाजूला धरला होतास, बर्फाला लागू नये असा.

एस्किल माझ्या कमरेला पट्टा टाकून ओढत होता आणि ओरडत होता, "अगं बये, झाकतोय तो! तुझंच झाकतोय! डोळे फुटले का तुझे?"

मग मी डब्याकडे पाहिलं. झाकण बोटभर उघडं राहिलं होतं. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वाऱ्यानं भोवतीचा सगळा बर्फ उडत होता, सरळ त्या फटीत जायला. आणि फटीवर तुझ्या तळहाताची कातडी चिकटून राहिली होती. उणे एकतीसमध्ये उघडा हात धातूला लावला की काय होतं हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तुला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मोजा काढलास, कारण लोकरीचे धागे आत गेले असते.

ते माझं यंत्र होतं. तुला खोटं पाडायला बनवलेलं.

एस्किलनं तिन्ही डबे सील केले. कातडीचा तुकडा त्यानं चिमट्यानं काढला आणि कुठं ठेवावा हे न सुचून आपल्या तंबाखूच्या डबीत ठेवला. परत येताना तू पट्ट्यानं बांधलेला पडला होतास, एक डोळा पूर्ण मिटलेला, आणि एस्किलला विचारलंस, "आत बर्फ गेला का?" त्यानं इकडची माणसं करतात तसा आत श्वास ओढून "नाही" म्हटलं. तू दुसराही डोळा मिटलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस.

तीन बरगड्या आणि गालाचं हाड, असं आई सांगते. ह्या वेळी वाईट वाटतंय का, हे मला कुणी विचारलेलं नाही.

सिव


किरुना, २२ एप्रिल

बाबा,

निकाल आला. तिन्ही डब्यांतल्या, कण टिपणाऱ्या जाळ्या आम्ही परदेशी प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या, कोणती कुणाची हे न सांगता. तिथल्या माणसानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहून पाठवलंय. त्याला आपली नावंसुद्धा माहीत नाहीत.

बंद डब्यात थोडी काजळी, थोडा रंग. आपली घाण.

तुझ्या तबकडीवर तीच काजळी, आणि तिच्याशिवाय लोखंड आणि मॅग्नेशियमचे गोल कण. शेकड्यांनी. उल्केचा धूर. खरा.

माझ्या नळीतल्या निम्म्या जाळ्या वाचल्या, त्या तुझ्या तळहातामुळे. त्यांवरही तेच कण, आणि शिवाय त्याहून बारीक, जे तुझ्या तबकडीवर नाहीत. म्हणजे सगळ्यात बारीक कण हवेबरोबर वळसा घालून निसटतात हे माझं खरं. पण जरा मोठे असतात ते निसटत नाहीत, गादी फोडून सरळ येऊन आदळतात. तुझी मोजणी अपुरी होती. खोटी नव्हती. शहात्तर सालीही नव्हती.

नोव्हेंबरात मारण्याआधी तू काय ओरडलास ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. ऐकू आलं होतं. सगळ्या सभागृहाला आलं होतं. "तिथं हवा दाट नाही, गाढवे! तिथं एका रेणूला दुसरा भेटायला बोटभर वाट चालावी लागते!" बरोबर बोललास. मी खालच्या दाट हवेची समीकरणं वरच्या विरळ हवेला लावली. आमच्या धंद्यातली माणसं ही चूक करतात, कारण त्या समीकरणांतून प्रवाहाच्या रेघा फार सुंदर निघतात, आणि मला हवं तेच उत्तर त्यांतून निघत होतं. नियतकालिकाला तसं लिहून, खाली माझं नाव घालून पाठवलंय. प्रत सोबत आहे.

हे सगळं मी आईला सांगायला गेले. न सांगता चाललं असतं, तिला कुठून कळणार? तेवढी हलकट मी नाही. वाटेत मी रडत होते, हेही सांगून टाकते. रागानं रडत होते. तुझं खरेपण आता शिक्का मारून मीच तिच्या हातात देणार होते, आणि ती तुझी खोली झाडायला लागणार होती.

तिनं चांगला कान माझ्याकडे केला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तो खरंच बोलत होता."

"हो."

"तेव्हापासून?"

"हो आई. त्यानं कधीच खोटं सांगितलं नाही."

ती हात पुसत खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता साखरेच्या डब्यामागचं पत्र काढेल. पण तिचा हात डब्याकडे गेला नाही. मग म्हणाली, "तुला सांगू? मी इतकी वर्षं धरून चालले होते, की एका बाबतीत तरी तो खोटं बोलला असेल. जीव घेईन म्हणाला ना, ते. रागाच्या भरात बोलला, मनात तसं नव्हतं, असं मी स्वतःला समजावायचे. रोज. आता तू म्हणतेस, कधीच खोटं बोलला नाही."

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

"खोटारडा निघाला असता तर बरं झालं असतं गं. मी दार उघडलं असतं."

तुझा हात बरा झाला की तू येशील आणि ती सांगेल ते ऐकशील, असं म्हणाला होतास. ती सांगते, येऊ नकोस. मी तिला दोनदा विचारून लिहितेय.

पत्र इथं संपवता आलं असतं. पण मग माझ्यात आणि तुझ्यात फरक राहिला असता, आणि तो माझ्या बाजूनं वाईट असता.

मी भांडी आवरायला उठले. खुंटी उपटली गेली होती, हवी तशी नाही पण उपटली होती, आणि मला, देवाशप्पथ, हलकं वाटत होतं. एवढ्यात आईनं विचारलं, "सिव, बर्फात त्याच्या गळ्यावर गुडघा ठेवलास, तेव्हा तुला काय करायचं होतं?"

मी खरं सांगितलं.

तिनं उठून माझ्या हातातली ताटली काढून घेतली, अगदी हळू, जशी लहान मुलाच्या हातातून सुरी काढतात. आणि म्हणाली, "मग तूही काही दिवस येऊ नकोस."

सिव